श्टुटगार्टचं बिनसामानाचं भाड्याचं घर: बेळगावहून जाणाऱ्यांसाठी परीक्षण

उद्यमबागच्या मशीन शॉपमधून, बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून किंवा निपाणी-चिकोडी-खानापूर भागातून जर्मनीला जाणाऱ्या मुलामुलींपैकी बरेच जण श्टुटगार्टच्या आसपास पोचतात. गाड्यांचे आणि यंत्रांचे मोठे कारखाने तिथं आहेत, विद्यापीठही तिथलंच. विमानाच्या तिकिटाची चौकशी सगळे करतात. पण तिथं पोचल्यावर सगळ्यात जास्त पैसा आणि डोकं खाते ती गोष्ट म्हणजे भाड्याचं घर, आणि त्याची चौकशी निघायच्या आदल्या आठवड्यात सुरू होते. म्हणून या घराचंच परीक्षण, एखाद्या वस्तूचं करावं तसं.

आधी निकाल सांगतो. राहायची जागा म्हणून हे घर उत्तम आहे. खिडक्या दोन काचांच्या आणि घट्ट बसणाऱ्या, हिवाळ्यात आत 20 अंश तापमान, नळाचं पाणी थेट पिण्याजोगं. बेमुदत करार असेल तर मालकाला मनात आलं म्हणून तुम्हाला बाहेर काढता येत नाही, त्याला कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं. उणीव अशी की घर बहुतेकदा अगदी रिकामं मिळतं. दिवे नाहीत, पडद्याचे रॉड नाहीत, कधीकधी स्वयंपाकघरात ओटासुद्धा नाही. आणि इथं तोंडी चालणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथं कागदावर चालतात. टिळकवाडीत मालक खालच्या मजल्यावर असतात, नळ गळला तर "बघूया की उद्या" म्हणतात आणि उद्या खरंच बघतात. श्टुटगार्टचं घर मोजून ताब्यात घ्यायचं आणि मोजून परत द्यायचं. गडबड होते ती बहुतेक याच ठिकाणी.

जाहिरात वाचण्यापासून सुरुवात करू. "2 त्सिमर" म्हणजे दोन बेडरूम नव्हेत. बसायची खोली धरून दोन खोल्या. स्वयंपाकघर आणि बाथरूम त्यात मोजत नाहीत. म्हणजे आपला वन बीएचके. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, 50 चौरस मीटर म्हणजे साधारण 538 चौरस फूट, आणि हे आतलं वापरायचं क्षेत्र असतं. आपल्याकडच्या सुपर बिल्टअपसारखी त्यात भर घातलेली नसते. बाल्कनी साधारण पाव हिश्शाने धरतात.

भाड्याचे आकडे दोन. काल्टमीटे हे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात नेबेनकोस्टेन, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याचा दिवा, इमारतीचा विमा, घरपट्टी यांचा अंदाजे मासिक हप्ता मिळवून. समजा काल्टमीटे 800 आणि नेबेनकोस्टेन 200, तर दरमहा 1000 युरो. त्यात तुमच्या घरातली वीज नाही, इंटरनेट नाही आणि रुंडफुंकबायट्राग नाही. हा शेवटचा खर्च रेडिओ-टीव्हीचा, घरटी दरमहा 18.36 युरो, घरात टीव्ही असो की नसो. एका घरात चौघं राहत असतील तर एकच भरतो आणि बाकीचे त्याचा नंबर कळवतात. तो नंबर न कळवल्यामुळे चौघांनाही पत्रं येत राहतात.

नेबेनकोस्टेनचा आकडा फार कमी दिसला तर खूश होऊ नका. तो आगाऊ अंदाज असतो. हिशेबाचं वर्ष संपल्यावर 12 महिन्यांच्या आत मालक खरा खर्च मांडतो आणि फरक एकदम मागतो. भाडं आकर्षक दिसावं म्हणून हप्ता कमी दाखवलेला असेल तर पहिल्याच हिवाळ्यानंतर काही शे युरोंचं पत्र येतं. घर बघायला जाल तेव्हा गेल्या वर्षीचा हिशेब मागा आणि एनर्गीआउसवाइस बघा. इमारतीला किती ऊर्जा लागते ते त्यात ए प्लसपासून एचपर्यंतच्या अक्षरांत असतं, आणि घर दाखवताना तो कागद दाखवणं मालकावर बंधनकारक आहे. जी आणि एच वर्गातलं जुनं घर 50 युरोंनी स्वस्त दिसलं तरी हीटिंगमध्ये ते पैसे परत जातात.

डिपॉझिट, तिकडचं काउत्सिओन, जास्तीत जास्त तीन काल्टमीटे. वरच्या उदाहरणात 2400 युरो. कायद्यानं ते तीन समान मासिक हप्त्यांत देता येतं, पहिला हप्ता करार सुरू होताना. हे फार थोड्यांना ठाऊक असतं आणि मालक आपण होऊन सांगत नाही. पहिल्या महिन्यात हातात पैसा कमी असतो, तेव्हा हा हक्क वापरा. तो मागितल्यानं कुणाचा अपमान होत नाही. आपल्याकडं एकरकमी लीज देऊन महिन्याचं भाडं न देण्याची जी पद्धत आहे, ती तिथं नाही. कुणी तशी ऑफर दिली तर ती फसवणूकच समजा. फसवणुकीचा नेहमीचा नमुनाही ओळखून ठेवा. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक "सध्या परदेशात", डिपॉझिट आधी पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि करारावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. एजंटचा खर्च, एजंट मालकानं नेमलेला असेल तर, मालकाचाच. 2015 पासून तसा कायदा आहे.

नव्यानं आलेल्या माणसाकडं शूफा, म्हणजे तिथला उधारी-इतिहासाचा दाखला, नसतो. त्याऐवजी नोकरीचा करार, पगाराच्या स्लिपा असतील तर त्या, पासपोर्टची प्रत आणि विद्यार्थ्यांनी ब्लॉक्ड अकाउंटचा (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्याचा) कागद, असं एकाच पीडीएफमध्ये बांधून ठेवा. चांगल्या घराला एका दिवसात पुष्कळ अर्ज येतात. पीडीएफ तयार असलेल्याला फोन येतो, "संध्याकाळी पाठवतो" म्हणणाऱ्याला येत नाही.

आमचा सल्ला असा की बेळगावात बसून पक्कं घर शोधू नका. पहिले एक-दोन महिने सामानासहित छोटी खोली घ्या, महाग पडली तरी. फक्त एक गोष्ट लेखी विचारून घ्या: या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का? आनमेल्डुंग म्हणजे पालिकेत पत्त्याची नोंद, घरात गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची. त्यासाठी मालकाच्या सहीचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग लागतं. भाडेकरार दाखवून भागत नाही. ही नोंद झाली नाही की कर क्रमांक अडतो, बँक खातं अडतं, व्हिसाचं पुढचं काम अडतं. कुटुंब घेऊन जाणाऱ्यांनी लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला बरोबर ठेवावा. दाखला कन्नडमध्ये असेल तर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतर करून घ्यावं.

जागा कुठं घ्यावी? शहराचा मधला भाग खोलगट आहे आणि वस्ती चारी बाजूंच्या टेकड्यांवर चढत गेली आहे. नकाशावर स्टेशन 400 मीटर दिसतं, पण त्यात दोनशे पायऱ्या असू शकतात. या दगडी पायऱ्यांना तिथं श्टेफेले म्हणतात आणि त्या शहराचं भूषण आहेत. 23 किलोची बॅग घेऊन चढताना तसं वाटत नाही. चौथ्या मजल्यावरची जुनी घरं बहुधा लिफ्टशिवाय असतात. विद्यापीठाचा तंत्रशाखेचा परिसर फायहिंगनला, कारखाने फॉयरबाख, त्सुफनहाउझन आणि उंटरट्युर्कहाइमला. एसलिंगन, बाड कानश्टाट, फायहिंगन, ब्योब्लिंगन हे सगळं एस 1 या लोकल मार्गावर येतं. शहराच्या मध्यात लहान जागेला जास्त पैसे घालण्यापेक्षा या मार्गावर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आतलं घर जास्त सोयीचं.

करारात तीन कलमं शोधा. पहिलं, किमान मुदत: भाडेकरूनं अमुक काळ सोडायचं नाही, असं कलम चार वर्षांपर्यंतचं असू शकतं. नोकरीचा प्रोबेशन काळ चालू असेल तर अशा करारावर सही करू नका. दुसरं, श्टाफेलमीटे किंवा इंडेक्समीटे, म्हणजे भाडं दरवर्षी ठरल्याप्रमाणे किंवा महागाईप्रमाणे वाढेल. तिसरं, छोट्या दुरुस्त्यांचा खर्च किती रकमेपर्यंत तुमचा.

मग ताबा. युबरगाबे-प्रोटोकोल हा ताब्याचा कागद या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात महत्त्वाचा. घाई करायची नाही, दिवसाउजेडी जायचं. प्रत्येक खिडकी पूर्ण उघडून, तिरकी करून, बंद करून बघा. नळ चालू ठेवून सिंकखाली हात फिरवा. फ्लश ओढा आणि पाणी थांबतं का ते ऐका. लाकडी जमिनीवर मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, वरून न दिसणारे सगळे चरे दिसतात. बाथरूमच्या सिलिकॉन सांध्यात काळे ठिपके आहेत का, बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगलाय का, तेही बघा. जे दिसेल ते खोलीच्या नावासह लिहून घ्या आणि फोटो काढा. वीज, पाणी आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे, मीटर नंबरसह, तिथंच कागदावर आले पाहिजेत. किल्ल्या किती मिळाल्या तेही. मालक चांगला आहे, त्याला काय वाटेल, म्हणून लाजू नका. तिथं न लिहून घेणाऱ्यालाच कच्चा समजतात.

आता स्वयंपाकघर, जिथं आपल्या माणसाचं सगळं अडतं. "आइनबाउक्युखे" असा शब्द जाहिरातीत असेल तर ओटा, सिंक, शेगडी आहे. नसेल तर भिंतीतून आलेले दोन पाण्याचे पाईप आणि एक सॉकेट, एवढंच. पुष्कळदा जुना भाडेकरू आपलं किचन विकायला बघतो. घ्यायला हरकत नाही, नवीन बसवण्यापेक्षा स्वस्त आणि तयार मिळतं. पण फ्रिज आणि शेगडी चालवून बघा, यादी करून रक्कम लिहा, आणि हे किचन आता तुमच्या मालकीचं आहे हे मालकालाही लेखी कळवा. नाहीतर सोडताना ते कुणाचं यावर वाद होतो. मोठी शेगडी बसवायची तर भिंतीत तिच्यासाठी 400 व्होल्टची वेगळी पेटी असते. ती जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करायची. तोवर दोन प्लेटची सुटी शेगडी चालते, फक्त हिशेब ठेवा: साध्या सर्किटला 16 अँपिअरचा फ्यूज, म्हणजे 230 व्होल्टवर साधारण 3680 वॅट. 2000 वॅटची शेगडी आणि 2000 वॅटची पाण्याची किटली एकाच सर्किटवर एकदम लावली की फ्यूज उडू शकतो.

शेगडी दोन प्रकारची, दिसायला सारखीच, वर काळी काच. सेरानमध्ये काचेखाली तार लाल होते. इंडक्शनमध्ये भांड्याचा तळच तापतो. अॅल्युमिनिअमचा कुकर सेरानवर चालतो, साध्या इंडक्शनवर चालत नाही. घर पक्कं व्हायच्या आधीच कुकर घ्यायचा असेल तर इंडक्शन तळाचा स्टीलचा घ्या. बेळगावच्या भांड्यांच्या दुकानात जाताना खिशात एक चुंबक न्या, तळाला चिकटला तरच घ्या. दोन्ही शेगड्यांवर तळ सपाट हवा. खोलगट कढई आणि मधे फुगलेला जुना तवा काचेवर डुलतो आणि तापत नाही.

सेरानची खोड अशी की बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. मोहरी तडतडली म्हणून बटण बंद केलं तरी लसूण जळतो, म्हणून भांडं उचलून बाजूला ठेवायचं. दुधाचंही तसंच. गुळाचा किंवा साखरेचा पाक काचेवर सांडला तर थंड होण्याची वाट बघायची नाही. गरम असतानाच पात्याच्या खरवडणीनं काढायचा, हात जपून. थंड होताना साखर काचेचे टवके काढते, आणि ती काच मालकाची असेल तर पैसे डिपॉझिटमधून जातात. बिडाचा तवा उचलून ठेवा, ओढू नका.

भाकरी होते, पण सवय लावून घ्यावी लागते. शेगडीचं मोठं वर्तुळ बहुधा 21 सेंटिमीटरचं, त्याच्या बाहेर तव्याच्या कडा गार राहतात आणि भाकरीची कड कच्ची राहते. म्हणून भाकरी लहान थापायची, तवा आधी चांगला तापवायचा, आणि दुसरी बाजू भाजताना फडक्यानं कडेकडेनं दाबत फिरवायची. आच नाही तरी फुगते. भारतीय दुकानांत ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते दळून बरेच महिने झालेले असतात आणि पिठाला विरी राहत नाही. ते आधणाच्या पाण्यात मळायचं. चपातीसाठी सुपरमार्केटमधलं 405 नंबरचं पीठ घेऊ नका, तो जवळजवळ मैदाच. नंबर जितका मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त. 1050 चालतं, आणि भारतीय दुकानातला आटा सगळ्यात बरा.

फोडणीच्या धुराचं काय? छताला स्मोक अलार्म असतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात झोपायच्या खोल्यांत आणि तिथून बाहेर जायच्या पॅसेजमध्ये तो सक्तीचा आहे. एकखणी घरात तो शेगडीपासून दोन-तीन मीटरवरच असतो. पिशवी बांधून तो झाकू नका, काढूनही ठेवू नका. फोडणीच्या दोन मिनिटं आधी हुड चालू करा, खिडकी उघडा, तेल मध्यम आचेवर तापवा. हुड दोन प्रकारचे: एक हवा बाहेर टाकतो, दुसरा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत आतच सोडतो. दुसऱ्या प्रकारात वास राहतो आणि तो फिल्टर काही महिन्यांनी बदलावा लागतो. बदलला नाही तर कोटाला कांदा-लसणाचा वास बसतो. पुढची धातूची जाळी मात्र गरम पाणी आणि सोड्यानं धुता येते.

दुसरी मोठी अडचण बुरशीची, आणि तिचं कारण खिडकीत असतं. जर्मन खिडकीचा दांडा खाली असला की बंद, आडवा केला की दारासारखी उघडते, वर केला की फक्त वरून तिरकी होते. खिडकी उघडी असताना दांडा फिरवला तर ती एका बिजागरीवर लोंबकळते. घाबरू नका, पल्ला वरच्या बिजागरीकडच्या कोपऱ्यात चौकटीला दाबून धरा आणि दांडा परत आडवा करा. घर घट्ट बंद असतं, म्हणून आतली वाफ कुठं जात नाही: भाताची, आंघोळीची, खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची. ती सगळ्यात गार भिंतीवर जाऊन बसते आणि तिथं काळी बुरशी धरते. उपाय म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा, हिवाळ्यातसुद्धा, सगळ्या खिडक्या पाच ते दहा मिनिटं पूर्ण उघडायच्या, त्या वेळी हीटर बंद. खिडकी दिवसभर तिरकी ठेवणं सगळ्यात वाईट. हवा धड बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गारठते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, पाच-दहा सेंटिमीटर जागा सोडा. आर्द्रतामापक घ्या, काटा 40 ते 60 टक्क्यांत राहिला पाहिजे. बुरशी दिसली तर त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवा. उशिरा कळवलं तर दोष तुमच्याकडं येतो. भाडं आपल्या मनानं कापू नका, आधी मीटरफेराइन या भाडेकरू संघाचं सभासदत्व घेऊन विचारा. वर्षाच्या वर्गणीत त्यांचा सल्ला मिळतो.

हीटरच्या गोल बटणावर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश, पुढचा-मागचा प्रत्येक आकडा चारेक अंशांचा. 5 वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, जास्त तापत राहते एवढंच. बर्फाच्या फुलाची खूण पाणी गोठू नये एवढ्यापुरती. हीटर गुळगुळ आवाज करतो आणि वरून गार लागतो तेव्हा आत हवा अडकलेली असते. छोट्या चौकोनी किल्लीनं ती सोडता येते, खाली कप धरून.

बाथरूममध्ये जमिनीला मोरी नसते, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. बादलीनं अंगावर पाणी घेतलं तर ते फटीतून खालच्या घराच्या छतात उतरतं. म्हणून हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, पहिल्याच आठवड्यात काढा. त्यात भाड्याच्या घराचं नुकसान आणि किल्ली हरवणं या दोन्ही गोष्टी आहेत का ते वाचा. इमारतीच्या मुख्य दाराची आणि घराची किल्ली एकच असेल तर ती हरवल्यावर सगळ्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च येऊ शकतो. घराच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार ओढलं गेलं की तुम्ही बाहेर, किल्ली आत. रात्री आणि रविवारी कुलूपवाल्याचे दर चढे असतात. फोनवरच एकूण रक्कम ठरवून घ्या, आणि त्यापेक्षा एक जादा किल्ली ओळखीच्या घरी ठेवा.

पाण्यातल्या चुन्याचे पांढरे डाग काचेवर आणि नळावर चढतात. व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लानं निघतात, संगमरवरावर मात्र ते लावू नका. टॉयलेटला जेट नसतो. पाईपला फाटा काढून तो बसवणारे आहेत, पण त्याची नळी सतत दाबाखाली राहून फुटली तर मालकाला उत्तर द्यावं लागतं. दाबून फवारा येणारी बाटली पुरते. नवीन वॉशिंग मशीन आणलं तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढल्याशिवाय चालवू नका, ड्रम हादरून मशीन मोडतं. बोल्ट जपून ठेवा, पुढच्या घरी नेताना लागतात.

गृहज्योतीची 200 युनिटं मोफत असण्याची सवय इथंच सोडून जावी लागते. वीज तुम्ही वापरायला लागलात की भागातल्या ठरलेल्या कंपनीशी आपोआप करार होतो, आणि तो दर बहुधा महाग असतो. दोन आठवड्यांच्या सूचनेवर तो बदलता येतो, म्हणून तुलना करून लगेच बदला. हेस्कॉमसारखं महिन्याला रीडिंग घेऊन बिल येत नाही. ठरलेला हप्ता कापला जातो आणि वर्षाअखेर हिशेब. बाथरूममध्ये विजेवर चालणारा तात्काळ गिझर असेल तर तो 21 किलोवॅटचा असू शकतो, म्हणजे पूर्ण ताकदीवर दहा मिनिटांच्या आंघोळीला साडेतीन युनिटं. इंटरनेटची जोडणी यायला आठवडे लागतात, करारावर सही झाली की त्याच दिवशी मागणी द्या.

बेल आणि टपालपेटी, दोन्हीवर नाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. कर क्रमांक आणि बँकेचं कार्ड टपालानंच येतात. आपल्या भागातल्या काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना कोरा असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत. अशांनी पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव पेटीवर लावावं.

केअरवोखे ही या भागाची खास पद्धत. जिन्याची झाडलोट पाळीपाळीनं भाडेकरूंनी करायची. दारावर पाटी लटकली की तो आठवडा तुमचा. लहान पाळीत आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा, मोठ्या पाळीत तळघर, अंगण, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फ. आपल्याकडं घरासमोर सडा घालणाऱ्यांना हे जड जाऊ नये. चुकवलीत तर शेजाऱ्यांशी संबंध पहिल्याच महिन्यात बिघडतात. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, आणि रविवारी दिवसभर ड्रिल, हातोडा बंद. काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकायच्या नाहीत. गणपतीची आरती संध्याकाळी सातला केली तर हरकत नसते. शेजाऱ्यांना आधी सांगून, प्रसाद दिला तर आणखी चांगलं.

कचरा कागद, प्लास्टिक-पत्रा, ओला आणि बाकीचा, असा वेगळा. डब्यांचे रंग गावागणिक बदलतात, पाटी वाचूनच टाका. बाटलीवर पांटची, म्हणजे बाटली परत दिल्यावर मिळणाऱ्या अनामतीची, खूण असेल तर ती दुकानातल्या यंत्रात परत करा: एकदाच वापरायच्या बाटलीचे 25 सेंट, पुन्हा भरायच्या बाटलीचे 8 किंवा 15.

सामानात काय न्यावं? मिक्सर न्या, व्होल्टेज तेच आहे. पण आपला तीन पिनांचा प्लग तिथं बसत नाही. चांगला अर्थिंग असलेला अडॅप्टर घ्या किंवा तिकडं प्लग बदलून घ्या. इथले खाचेचे बल्ब नेऊ नका, तिथं आट्यांचे होल्डर असतात. छतातून नुसत्या तारा लोंबत असतात: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या इमारतीत रंगांवर विश्वास न ठेवता फ्यूज काढून, टेस्टरनं तपासूनच हात लावा. कांदा-लसूण मसाला, चटण्या, पापड, लोणचं नेता येतं, पण तेलाचे डबे टेपनं नीट बांधा. कुंदा आणि तूप नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाले ते काढून टाकतात आणि दंडही होऊ शकतो. आईनं प्रेमानं बांधलेला डबा विमानतळावर कचऱ्यात जाताना बघण्यापेक्षा तो कुंदा निघायच्या आदल्या दिवशी घरी सगळ्यांनी खावा. ताजा कढीपत्ता आणि आंबे यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. वाळवून पूड केलेला कढीपत्ता न्या.

घर सोडताना तीन महिन्यांची नोटीस. ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पोचली तर तो महिना धरला जातो. कागदावर, सही करून, पोच घेऊन द्या. ईमेलची नोटीस ग्राह्य नाही. भिंतीतली भोकं बुजवा, ताब्याच्या वेळचा प्रोटोकोल बरोबर घेऊन त्याच क्रमानं मालकाबरोबर फिरा, मीटरचे आकडे पुन्हा लिहून घ्या. डिपॉझिटचा मोठा भाग काही महिन्यांत येतो. शेवटच्या वर्षाच्या नेबेनकोस्टेनसाठी मालक थोडी रक्कम धरून ठेवू शकतो आणि तो हिशेब वर्षभरानंही येतो. भारतात परतत असाल तर जर्मन बँक खातं लगेच बंद करू नका, आणि मालकाला बेळगावचा पत्ता पिन कोडसह लेखी देऊन या.